कारणाचा रकाना

तांडेलमामांच्या हातात कायम एक हातभर लांब स्क्रूड्रायव्हर असायचा, पण त्याने स्क्रू पिळताना मी त्यांना क्वचितच पाहिलं. त्याचं टोक ते चालू कॉम्प्रेसरच्या बेअरिंगवर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. एकेका मशीनपाशी दोन-तीन मिनिटं. मग खिशातली छोटी वही काढून काहीतरी टिपायचे आणि पुढच्या मशीनकडे जायचे.

तुर्भ्याच्या आमच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मी शिफ्ट इनचार्ज म्हणून लागलो, त्या पहिल्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं होतं, "मामा, मशीन व्यवस्थित चालतंय की. रोज काय ऐकता?"

"चालतंय म्हनून तर ऐकतू, सायेब. बंद पडल्यावर काय ऐकनार? तवा तर सगलेच ऐकतान."

नामदेव तांडेल करावे गावचे. घरची होडी होती, खाडीत जाळी होती, पण हे आयटीआय करून फिटर झाले. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. अंगाने किरकोळ, आवाज मात्र कॉम्प्रेसरच्या वर चढणारा. त्यामुळे त्यांचं खाजगी असं काही राहतच नसे.

आणि त्यांना ते राहू द्यायचंही नव्हतं. आमच्याकडे शिफ्ट संपायच्या आधी बाहेर पडायचं तर गेटपास लिहावा लागतो. त्यात कारणाचा एक रकाना आहे. सगळे तिथे 'वैयक्तिक' किंवा 'बँकेचे काम' लिहितात. तांडेलमामा महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी तीन वाजता स्वच्छ अक्षरात लिहायचे : 'समुपदेशन, वाशी.'

मशीनरूममधली पोरं चिडवायची. "मामा, डोक्याचा पार्ट मिळाला का बाजारात?"

"पार्ट चांगला हाय रे. ग्रीस लावून आनतू. तुजा तर खोकाच रिकामा, तुला काय लावनार?"

मी तिथे लागण्याच्या बऱ्याच आधी त्यांना काहीतरी झालं होतं. झोप उडाली, हातपाय गार पडायला लागले, भरल्या घरात श्वास कोंडायचा. हृदयाच्या सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. मी एकदा विचारलं, कारण काय होतं? मामा म्हणाले, "कारन कायच नव्हतं. त्याचंच तर भ्याव होतं." शेवटी एका डॉक्टरांनी वाशीच्या समुपदेशक मॅडमकडे पाठवलं. सहा महिन्यांत बरं वाटलं. तरी मामा जातच राहिले, आधी आठवड्याला, मग पंधरवड्याला, मग महिन्याला.

"बरे आहात तर कशाला जाता?" हे मीच विचारलं होतं. मला आजही माझा तो स्वर आठवतो. समजूतदार माणसाचा आव आणलेला.

"बरा हाय म्हनूनच जातू," ते म्हणाले, आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिले. जणू स्क्रूड्रायव्हर माझ्यावर टेकवला होता.

त्यांना ऐकू आलं होतं. अमोनियाच्या प्लांटमध्ये काळजी घ्यावीच लागते, पण माझी काळजी कामापलीकडे गेली होती. शिफ्ट सोडताना मी रिसीव्हरखालचा, म्हणजे अमोनियाच्या टाकीखालचा, कॉक बंद आहे की नाही ते पाहायचो. गेटपर्यंत जायचो आणि परत यायचो. पुन्हा गेटपर्यंत, पुन्हा परत. कोपरखैरण्याला घरी पोचल्यावर फोन करून विचारायचो. बायकोला सांगायचो, कामाचं टेन्शन आहे. जेवताना घास तोंडात तसाच राहायचा आणि कान त्या प्लांटच्या सायरनकडे लागलेले, जो सहा किलोमीटरवरून ऐकू येणं शक्यच नव्हतं.

एका संध्याकाळी मी चौथ्यांदा परत आलो, तेव्हा मामा त्या कॉकशेजारी उकिडवे बसले होते.

"सायेब, मी बंद केलाय. तुमी चार येला बंद केलाय. आता तो लाजून सोताच बंद बसलाय. त्याला सोडा बिचाऱ्याला."

मी हसलो, आणि हसता हसता मला रडू फुटलं. चाळिशी ओलांडलेला माणूस, पाइपला टेकून. मामा उठले. माझा टिफिन उचलला, मला गेटबाहेर नेलं. पुढच्या शनिवारी ते माझ्याबरोबर वाशीला आले, स्वतःची वेळ नसताना. मी आत गेलो तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून राहिले. पाऊण तासाने बाहेर आलो तर विचारलं एवढंच, "चा घेनार?"

मी जायला लागलो. फरक पडला. कॉकपाशी एकदाच जाऊन मी सरळ बाहेर पडू लागलो. पण माझ्या गेटपासवर मी लिहायचो : 'आईच्या डोळ्यांची तपासणी.' आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कधीच झालं होतं. ती गावी आरामात पेपर वाचत होती.

मामा गेटपासच्या वहीत डोकावून हळूच म्हणायचे, "सायेब, किती तपासता? म्हातारीला आता भिंतीपलीकडचं दिसाया लागलं आसल."

पण त्यांनी कधीही कोणाला सांगितलं नाही. आता जे सांगायचं आहे, त्यासाठी हे आधी नीट सांगणं भाग होतं.

कंपनीत नवे सेफ्टी ऑफिसर आले. त्यांनी सगळ्या शिफ्ट इनचार्जकडे एक फॉर्म पाठवला. मशीनरूममधल्या कोणावर मानसिक उपचार चालू असल्यास नाव लिहा. खाली स्वतःबद्दलही तोच प्रश्न. त्याच आठवड्यात अकाउंट्समधल्या एकाने मला वाशीला मॅडमच्या क्लिनिकच्या जिन्यावर पाहिलं होतं. तो फक्त हात हलवून गेला होता, पण मला त्या आठवड्यात झोप नव्हती. कोण काय बोलतंय, कोण बघतंय, कँटीनमध्ये मी गेल्यावर कोण गप्प झालं. फॉर्म तीन दिवस ड्रॉवरमध्ये होता. चौथ्या दिवशी मी वरच्या ओळीत लिहिलं, 'नामदेव तांडेल.' आणि खालच्या ओळीत माझ्याबद्दल, 'नाही.'

मी स्वतःला सांगितलं की ते तर उघडच आहे, मामा स्वतःच लिहितात. ते खोटं होतं. एक नाव दिलं की नजरा तिकडे जातील, हे मला लिहितानाच पक्कं ठाऊक होतं.

पंधरा दिवसांत मामांची बदली द्रोणागिरीच्या गोदामावर झाली. गेटवर बसून कंटेनरचे नंबर उतरवायचे. 'सुरक्षेच्या दृष्टीने.' शनिवारी लवकर निघायची सोय तिथे नव्हती. जाताना त्यांनी तो लांब स्क्रूड्रायव्हर माझ्या टेबलावर ठेवला. "ठेवा. तिथं काय ऐकनार, ट्रकांचे हॉर्न?"

मी एकदा तो दोन नंबरच्या कॉम्प्रेसरला लावून पाहिला. मूठ कानाला लावली, डोळे मिटले. मला माझीच धडधड ऐकू आली. दुसरं काही नाही.

कंपनीच्या गाडीवरचा ड्रायव्हर द्रोणागिरीहून आला की सांगायचा, मामांचं तोंड उतरलंय, जेवत नाहीत नीट. मी मान हलवायचो. फोन हातात घ्यायचो आणि ठेवायचो. आणि मॅडमकडे जाणंही मी बंद केलं. तिथे गेलो असतो तर हे सांगावं लागलं असतं. हळूहळू मी पुन्हा गेटवरून परत फिरायला लागलो. आधी एकदा, मग तीनदा.

दोन वर्षांनी, मामा रिटायर झाल्याचं कळल्यावर, मी एका रविवारी करावेला गेलो. खाडीकाठी होडी ओढून वर घेतली होती आणि मामा तिच्या बुडाला डांबर लावत होते.

"गळते का?" काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं.

"नाय."

त्यांनी नातवाकरवी चहा मागवला. कप हातात धरून मी सगळं सांगितलं. फॉर्म, वरची ओळ, खालची ओळ. मामांचा ब्रश थांबला नाही.

"मना ठाव होतं," ते म्हणाले. "बदलीच्या फायलीत लावला होता तो फारम. तुमचं अक्षर मी वलखनार नाय? आठ वर्षं तुमची शिफ्ट रिपोर्टं वाचलीत."

"मग तुम्ही कधी काही बोलला नाहीत?"

"बोललू की. मॅडमला. दोन म्हयने मना जाताच आलं नाय, हात परत गार पडाया लागले. मग त्यांनी बुधवारची सकाल दिली. तीन बुधवार तुमच्या नावानं शिव्या घातल्या तिथं बसून, म्हनून आज हितं चा पाजतू तुमाला."

मला वाटलं आता संपलं, आता सुटलो. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "तुमी कवा गेलाव शेवटचं?"

"दोन वर्षं झाली."

ब्रश थांबला. मामा ताठ उभे राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांना रागावलेलं पाहिलं नव्हतं.

"म्हंजी मना हलवला, आन सोता पन गेला नाय? कशापायी मग? माजी मशीनं गेली ती तुमचं वाशीला जानं चालू ऱ्हावं म्हनून, आसं तरी मी धरलं होतं."

मी कप खाली ठेवला.

"फारमाचं मी सोडलंय. ह्याचं नाय सोडनार," ते म्हणाले आणि पुन्हा होडीकडे वळले. मी निघालो तेव्हा त्यांनी मागे पाहिलं नाही. मोठ्याने म्हणाले एवढंच, "शनिवारी जावा. गेलाव की फोन करा. नाय गेलाव तर नका करू."

शनिवारी तीन वाजता मी गेटवर उभा होतो. मागे दोन फिटर रांगेत. पेन हातात घामाने सरकत होतं. वॉचमन जुना, त्याला माझं सगळं पाठ. "काय साहेब, बऱ्याच दिवसांनी? आईचे डोळे?"

"नाही," मी म्हणालो. "माझंच आहे."

आणि मामांसारखंच, सावकाश, वाचता येईल असं लिहिलं. समुपदेशन, वाशी. मागचा फिटर वाकून वाचत होता, ते मला कळत होतं. वॉचमनने पास फाडून दिला. कान तापले होते. गेटबाहेर आलो. कॉक बंद केला होता का, हा विचार आलाच. मी मागे वळलो नाही. रिक्षात बसलो आणि फोन काढून मामांचा नंबर शोधून ठेवला. लावायचा नव्हता. आधी जाऊन यायचं होतं.