तासलेलं दार

आमच्या वरच्या खोलीत आजवर पाच भाडेकरू झाले. त्यातला एक झोपेत चालायचा... पण ते राहू द्या, नाहीतर मी तिकडेच भरकटेन. सांगायचं आहे ते सुताराचं. गल्ली त्याला मौनीबुवा म्हणायची, कारण माणूस दिवसाला दहा शब्द बोले, त्यातले चार ‘हो’.

सहा वर्षं राहिला. कानामागे पेन्सिल, चपलेत भुसा. आमच्या हिने फडताळ डगमगतंय एवढं नुसतं म्हणायचा अवकाश, संध्याकाळी तो तोंडात खिळे धरून हजर. पैसे विचारले की मान हलवायचा.

वीस वर्षं दुसऱ्याच्या कारखान्यात राबून त्याने शेवटी स्वतःच्या दुकानासाठी गाळा बघितला. राहायलाही तिथेच मागे जाणार होता. गाळेवाल्याला महिनाअखेर सगळे पैसे हवे होते आणि त्यातले निम्मे माझ्याकडे डिपॉझिट म्हणून पडलेले. हे मला ठाऊक होतं. माझं पाप इथेच आहे.

खोली रिकामी झाली त्या दिवशी मी चष्मा लावून तपासायला गेलो. उन्हाळा कडक. दार लावलं, तर बाजूने नाण्याच्या जाडीची फट आणि कडेला रंध्याच्या खुणा.

“दार तासलंत?”

“हो.”

“कुणाला विचारून?”

“काका, ओल धरली की लाकूड...” तो सांगू लागला. मी त्याला तिथेच तोडलं. मला माझ्या पहिल्या घराच्या दाराची गोष्ट आठवली होती, ती त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवली. मग नव्या दाराचे म्हणून निम्मं डिपॉझिट कापून घेतलं. उरलेले पैसे खिशात घालून तो जिना उतरला.

“अहो, सहा वर्षं फुकट कामं केली त्याने,” ही म्हणाली.

“हिशेब तो हिशेब,” मी म्हणालो. शहाणपण बघा माझं.

तीन महिन्यांनी पाऊस लागला आणि घरातली दारं फुगली. न्हाणीघराचं दार असं रुतलं की मी आत अडकलो. पंचा गुंडाळून तासभर उभा. बाहेरून ही म्हणते, “आता दारालाच सांगा एखादी गोष्ट, कंटाळून उघडेल.” शेवटी शेजारच्या गॅरेजवाल्याने खांद्याची धडक मारून सोडवलं.

अंग पुसून मी तडक वर गेलो. वरचं दार एका बोटाने ढकललं, ते अलगद लागलं. फट भरून आली होती. नवं दार मी अजून बसवलंच नव्हतं. कापलेले पैसे कपाटात तसेच.

दुसऱ्या दिवशी शोधत गेलो, तर तो जुन्याच कारखान्यात.

“गाळा?”

“गेला. पैसे कमी पडले.”

मी कापलेल्या पैशांचं पाकीट फळीवर ठेवलं. “चुकलो मी. पण तुम्ही मला सांगितलं का नाही?”

“सांगत होतो.”

“मग अडवायचं ना मला.”

“तुम्हाला?” तो म्हणाला, आणि बाजूचे दोघे कारागीर फिस्सकन हसले. मीही हसलो. हसता हसता कानशिलं तापली.

“दुसरा गाळा बघा,” मी म्हणालो. “जे वर लागतील ते मी घालतो. सवडीने फेडा, नाही फेडले तरी चालेल.”

पाकिटातल्या नोटा त्याने खिशात घातल्या आणि रिकामं पाकीट माझ्या हातात दिलं.

“माझे होते ते आले, काका. तुमच्याकडे आता काही अडकायला नको.”

रागावून म्हणाला असता तर मी समजूत काढली असती. त्यात मी पटाईत आहे. पण तो अगदी साधेपणाने बोलला. दारापर्यंत सोडायला आला, पायरी निसरडी आहे, जपून उतरा, एवढं सांगितलं आणि आत जाऊन मालकाचं यंत्र सुरू केलं.