राहून गेलेला समाचार

सदाशिव पेठेत श्यामलाबाई आगाशे यांच्या तोंडी लागायला लोक कचरत. एका शाळेच्या कार्यालयात त्यांनी उभा जन्म कारकुनी केली. दाखला जरा लवकर मिळेल का, असं एखाद्या पालकाने विचारलं, तर "मिळेल की, उद्या लवकर या," असं उत्तर यायचं. निवृत्तीनंतरही जिभेची धार गेली नाही. त्या धारेचं ज्याला काही वाटायचं नाही असा माणूस एकच, त्यांचे यजमान शरच्चंद्र. ते नुसते हसायचे.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत शरच्चंद्र गेले. रुग्णवाहिकेत चढताना "चष्मा घेतलात ना?" एवढंच दोघांत बोलणं झालं, आणि त्यानंतर आला तो रुग्णालयाचा फोन. श्यामलाबाईंनाही लागण झालेली, त्यामुळे त्या घरात कोंडलेल्या. अंत्यसंस्कार परस्पर उरकले गेले. मुलगी सुरुची कॅनडात, विमानांचं काही खरं नव्हतं. ती फोनवर रडायची आणि श्यामलाबाई तिलाच "जेवलीस का?" असं विचारायच्या. मोबाइलवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. समाचाराला मात्र घरी कुणी आलं नाही. येणार तरी कसं? त्यांनी कुणाला बोल लावला नाही. पण निर्बंध सैल झाले तरी त्यांचं दार बंदच राहिलं. टीव्ही दिवसभर चालू असायचा आणि त्यावर काय चाललंय याचा त्यांना पत्ता नसायचा. कुणी फोन केला तर "मी ठीक आहे" म्हणून त्या ठेवून द्यायच्या.

पावसाळ्यात एका दुपारी गोदाबाई आल्या. त्या मूळच्या यवतमाळकडच्या, वाघोलीला मुलाकडे राहणाऱ्या. टाळेबंदीच्या आधी पेठेतल्या काही घरी पोळ्या करायला यायच्या, त्यांत आगाशांचं घर होतं. बस बदलत एवढ्या लांबून आलेल्या, पण पाणीसुद्धा मागितलं नाही. सतरंजीवर बसल्या आणि पदराने तोंड पुसलं. मग म्हणाल्या,

"साहेबांचं कसं झालं, थे सांगा मले."

ऑक्सिजन किती होता, इंजेक्शन मिळालं का, लस घेतली होती का, हे सगळ्यांनी विचारलं होतं. कसं झालं, हे कुणीच विचारलं नव्हतं. श्यामलाबाई सांगू लागल्या. आधी कार्यालयात माहिती द्यावी तसं कोरडं. मग आवाज अडखळू लागला. त्या सकाळी शरच्चंद्रांनी चिंचगुळाची आमटी मागितली होती आणि आपण घशाचं कारण सांगून ती केली नाही, इथवर आल्यावर त्यांना पुढे बोलवेना. गोदाबाईंनी धीर धरा म्हटलं नाही, देवाची मर्जी म्हटलं नाही. "मंग?" एवढंच विचारलं. श्यामलाबाई लहान मुलासारख्या रडल्या. गोदाबाई त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसल्या, आणि समाचाराच्या रिवाजाप्रमाणे 'येते' न म्हणताच उठून गेल्या.

त्या रात्री, कित्येक दिवसांनी, श्यामलाबाईंना गाढ झोप लागली. उठल्यावर त्यांच्या मनात आलं, असे समाचार गावभर राहून गेले असतील.

ओळखीतलं एकेक घर आठवून त्या जाऊ लागल्या. सगळीकडे स्वागत झालं असं नाही. एका घरात सून दारातूनच म्हणाली, आता कुठे जरा विसरतोय, पुन्हा कशाला? "खरं आहे तुझं," म्हणून श्यामलाबाई जिना उतरल्या.

वारज्याला अवधूत राहायचा. त्याची आई त्यांच्याच शाळेत चित्रकला शिकवायची, तीही त्याच लाटेत गेली. तो एकटाच होता, घरूनच कंपनीचं काम करायचा. त्याने दार उघडलं तेव्हा दाढी वाढलेली होती आणि भरदिवसा पडदे ओढलेले होते. काकू, तुम्ही कशाला त्रास घेतलात, एवढंच म्हणाला. त्या थोडा वेळ बसून परतल्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेल्या, त्याच्या पुढच्याही. तेव्हा कुठे तो बोलला.

"हॉस्पिटलमधून दुपारी फोन आला होता, काकू. आईला बोलायचं होतं. मी झोपलो होतो."

तुझा काय दोष, हे त्याने खूपदा ऐकलं असणार आणि ते त्याला लागू पडलं नसणार, हे त्यांना कळत होतं. त्यांनी विचारलं,

"त्याआधी किती दिवस जागा होतास?"

तो आठवू लागला. आठवेना. मग त्याचे खांदे हलू लागले.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला की कधीकधी सकाळी वाटतं, पुन्हा उठूच नये. श्यामलाबाई मनातून घाबरल्या, पण तसं दिसू दिलं नाही.

"हे माझ्या आवाक्यातलं नाही, अवधूत. डॉक्टरांकडे जायचं. मी बाहेर बसते."

मानसोपचारतज्ज्ञांचा दवाखाना पेठेतच होता. तो आत जायचा, त्या बाहेरच्या बाकावर बसायच्या. ओळखीच्या एका बाईंनी एकदा त्यांना तिथे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, कुणासाठी?

"माझ्यासाठी," श्यामलाबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. "तुमचाही नंबर लावू का?"

आणि पुढे एकदा त्या खरोखरच स्वतःसाठी आत गेल्या.

अवधूत एकदम बरा झाला नाही. औषधं चालली, मध्येच त्याने ती सोडली, पुन्हा सुरू केली. काही आठवडे बरे जायचे, काही नाही. श्यामलाबाईंचं जाणं मात्र चुकलं नाही.

आईच्या दुसऱ्या वर्षीच्या श्राद्धाला त्याने त्यांना जेवायला बोलावलं. जेवताना तो आपणहून सांगू लागला, आईने कुकरची एकच रिंग, वाफ सुटते म्हणून, दुकानदाराला तीनदा परत केली होती, आणि शेवटी तो बिचारा स्वतः घरी येऊन शिट्टी होईपर्यंत उभा राहिला होता. श्यामलाबाईंना हसू आवरेना. तोही हसला. मग त्याने त्यांच्या पानात आणखी भात वाढला.