चेहरा सोडून सगळं

उल्काताई देऊळगावकर एकोणिसाव्या वर्षी परभणीहून चित्रकला शिकायला पुण्यात आल्या. वडिलांनी दोन वर्षं पत्राला उत्तर दिलं नाही. पुढे सदाशिव पेठेतल्या एका खोलीत त्यांनी पस्तीस वर्षं माणसांचे चेहरे रंगवले. निवृत्त होणारे मुख्याध्यापक, डॉक्टर, कुणाची आजी. फोटोवरून काम घ्यायच्या नाहीत. माणूस समोर बसला पाहिजे, हा हट्ट. लग्न ठरत आलं होतं. खोली सोडावी लागेल म्हटल्यावर त्यांनीच नकार कळवला.

अठ्ठावन्नाव्या वर्षी दाराची चौकट वाकडी दिसू लागली. डाव्या डोळ्याचं आधीच बिघडलं होतं, ते वयावर ढकललेलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की दोन्ही पडद्यांचा मधला भाग खराब झालाय. इंजेक्शनांनी आहे ते टिकवायचा प्रयत्न करू, गेलेलं येणार नाही.

हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. तेव्हा बायडाबाईंचं चित्र चालू होतं. पुण्याजवळच्या मांजरी गावच्या बायडाबाई सत्तरीच्या. मुलाला, रविराजला, नव्या बंगल्यात आईचं तैलचित्र हवं होतं. नऊवारी, पाटल्या, मांडीवरचे रापलेले हात, सगळं जमलं. चेहरा जमेना. रोज रंगवायचा आणि बायडाबाई गेल्या की सुरीने खरवडायचा. एकदा खरवडता खरवडता त्या खाली बसल्या आणि तोंडात पदर कोंबून रडल्या.

एक दिवस बायडाबाईंनीच विचारलं, "बाई, मला सोडून खिडकीकडं का बघताय?"

उल्काताईंनी ब्रश खाली ठेवला. "सरळ बघितलं की तुमचा चेहरा पुसला जातो. कडेनं बघितलं तर थोडा दिसतो."

बायडाबाईंनी मांडीवरचे हात पुन्हा नीट ठेवले. मग म्हणाल्या, "मग कडंनंच बघा. मला कुठं घाई हाय."

त्या आणखी दोन महिने येत राहिल्या. अखेर रविराज चित्र न्यायला आला. पाहून तो अवघडला.

"हात आईचेच आहेत, मॅडम. पण ही आई नाही."

फोटो मोठा करून घेऊ, असं तो हळूच म्हणाला. उल्काताईंनी वाद घातला नाही. सुरी उचलून त्या कॅनव्हासकडे गेल्या, तेव्हा बायडाबाईंनी त्यांचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ द्या. माझ्या खोलीत लावीन मी."

मुलाकडे न बघता त्यांनी चित्र काखेत मारलं आणि जिना उतरल्या.

त्याच आठवड्यात उल्काताईंनी सगळे रंग उत्कर्षाला, त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीला, देऊन टाकले. आता काय करणार, असं तिने विचारलं. "मला विचारू नकोस," एवढंच त्या म्हणाल्या.

आता जिन्यात भेटणाऱ्याने आधी नाव सांगायचं असतं. काही जण विसरतात. मग उल्काताई भिंतीला टेकून उभ्या राहतात, समोरचा माणूस बोलेपर्यंत.