पट्ट्यांचं कापड

"म्हणजे माझ्या हातचं कच्चं असतं, असंच ना?" सासूबाईंनी रिकामा डबा ओट्यावर आपटला.

"मी तसं म्हटलं नाही, आई."

"म्हणायला कशाला हवं? दुपारी जेवलेलं संध्याकाळी जसंच्या तसं उलटून मोरीत पडतं. दाणे वेचून परत शिजवावेत."

गेले तीन महिने घर सुनेच्या पोटापायी पथ्यावर होतं. आधी तिखट गेलं, मग तेल. "दुखणं एकीचं आणि शिक्षा तिघांना," नवरा पांढऱ्या भाजीकडे बघत म्हणायचा, पण हळू, आईला ऐकू जाणार नाही इतपत.

ती गिरणीत कापड तपासायची. समोर उजेडाची तिरपी काच, तिच्यावरून खालून वर सरकत जाणारं कापड, आणि स्टुलावर डोळे रोवून बसलेली ती. धागा तुटलेला दिसला की पायानं यंत्र थांबवायचं, खूण चिकटवायची. खात्यात तिला 'घार' म्हणत. साधं कापड कुणीही बघे. पट्ट्यांचं आलं की घारीला बोलावणं. आपल्यावाचून कुणाचं अडावं, हे तिच्या जन्मात पहिल्यांदाच घडत होतं.

हल्ली मात्र पट्ट्यांचंच कापड येत होतं. तासाभरात कापड जागच्या जागी उभं राहिल्यासारखं वाटे आणि स्टूल तिला घेऊन खाली जाऊ लागे, लिफ्टसारखं. ती कड घट्ट धरी. मळमळून तोंडात पाणी येई, पोटात दगड बसे. बसल्या जागी गाडी लागते, हे सांगणार कुणाला?

आज डॉक्टरांनी आधी काय खाता ते विचारलं, आणि मग काय काम करता ते. "पट्टे वर सरकताना बघून डोळे म्हणतात तुम्ही खाली चाललात, कान म्हणतात जागेवर आहात," ते म्हणाले. "या गोंधळात पोटाची लय बिघडते. अन्न पुढे सरकत नाही, पडून राहतं." गोळी होती, पण ती घेतली की झोप येते. पेंगणारी घार कुणाला हवी?

हे सगळं तिनं आता घरात सांगितलं.

"स्टुलावर बसून गाडी लागते?" सासूबाई म्हणाल्या. "बरं झालं, विमानात नाही बसलीस."

"साधं कापड मागून घे ना," नवरा म्हणाला.

"ते कुणीही बघतं."

सासूबाईंनी डबा उचलून विसळायला घेतला. "उद्या भात जरा जास्त मऊ करते," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या.

"नको. पट्टे मी सोडणार नाही. उद्यापासून सकाळी खाणार नाही, डबाही नेणार नाही; पोटात काही नसलं की पडून राहणार काय? संध्याकाळी येऊन एकदाच जेवेन, तुम्ही जेवाल तेच, तिखटातेलासकट."