रेशनचा भात आणि सुमतीबाई

ठाण्याला खोपटच्या बाजूला राहणाऱ्या सुमतीबाई टिपणीस सुगरण होत्या, आणि हे त्यांना स्वतःलाही चांगलं ठाऊक होतं. नवरा श्रीपादराव सरकारी कचेरीत कारकून. ते घरात फारसं बोलत नसत. बोलायला जागाच नसे. बाईंना पुढारी वगैरे व्हायचं नव्हतं. एकावन्न सालच्या उन्हाळ्यात रेशनवर कुबट वासाचा, किडलेला, मोडका तांदूळ येऊ लागला तेव्हा त्या आधी दुकानदाराशी भांडल्या, मग शेजारणींशी, आणि मग एवढ्या भांडणाचं काहीतरी व्हायला हवं म्हणून त्यांनी समिती काढली.

समितीचे अर्ज मी लिहीत असे. मी तेव्हा मॅट्रिक झालेली शेजारची मुलगी, अक्षर बरं. त्यामुळे बैठकांचं भारूड मी पहिल्यापासून ऐकलेलं आहे.

आमच्या आळीतल्या बायकांना साखर वाढवून हवी होती. गिरणीतल्या मारुतीची बायको हौसाबाई साताऱ्याकडची. तिच्या चाळीला ज्वारी हवी होती. खाडीकडच्या एका शेठच्या मिठागरावरून तुळसा यायची, तिच्या वस्तीला तांदूळ. तीन तोंडं तीन दिशांना. शिवाय चहा आला की हौसाबाई नि तुळसा पडवीत बसत, आमच्या बायका आत सतरंजीवर. कुणी सांगितलं नव्हतं, आपोआप होई.

सुमतीबाईंनी एकेकीच्या घरी जाऊन तोडगा काढला. जिला रेशनवाचून दुसरं काहीच मिळत नाही तिचं मागणं आधी, म्हणजे तांदूळ. साखरवाल्या फुगून बसल्या. हौसाबाई म्हणाली, "आमी भाकरीची मानसं, पर चला. एकीचं तरी हुंदे." तुळसाची सून नंदा बाळंतीण होती, तो भात पुढ्यात आला की ताट सारायची, आणि अंगावरचं दूध आटत चाललं होतं. तुळसाला चांगला तांदूळ तिच्यासाठी हवा होता, आणि तो लगेच हवा होता.

अर्जावर अर्ज गेले. शेवटी पुरवठा खात्याच्या साहेबांनी निरोप धाडला, "मी स्वतः येऊन जेवतो. तांदूळ अयोग्य वाटला तर तसं लिहून देतो. मग वखारीतला माल बदलेल." माणूस वाईट नव्हता. जेवायचं कुठे, तर अर्थातच सुमतीबाईंकडे. साहेबाला झोपडीत कसं बोलवायचं?

आता ऐका. बाईंनी सकाळीच तो तांदूळ सुपात घेतला. साधा शिजवून वाढायचा, हे बैठकीत ठरलेलं. पण किडे दिसले तसे निवडले. खडे काढले. काळा दाणा टाकला. वास जाईना म्हणून चार पाण्यांनी धुतला, वर लिंबू पिळलं. मग कोरडा वाटला म्हणून तूप, तूप आलं म्हणून दोन लवंगा. सोबत नुसतं वरण बरं दिसेना, म्हणून वालाचं बिरडं. मी म्हटलं, "अहो काकू, हे काय चाललंय?" तर म्हणाल्या, "अगं, माणूस जेवायला येतोय. त्याच्या पानात घाण वाढू?"

साहेब पाटावर बसले. दोनदा भात मागून घेतला. ढेकर दिली, हात धुतले आणि लिहून दिलं: तांदूळ खाण्यास योग्य.

मला त्या दिवशी सुमतीबाईंचा मनापासून राग आला होता. हौसाबाईने तर तोंडावरच सांगितलं, "आवो बाई, सायबाला जावयासारखं जेवू घातलं तुमी. ही लढाई हाय का बारसं?"

तुळसा दाराशी उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "बाय, तुजे घरान तूप हाय. माजे घरान नुसता मीठ, ता बी शेठचा."

सुमतीबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मला घेऊन कचेरीत गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, "काल तुम्ही तांदूळ खाल्लाच नाहीत, माझा हात खाल्लात. आता मिठागरावर चला."

साहेब म्हणाले, "येतो. पाहतो. जेवणाचं मात्र जमणार नाही. मी बाहेर खात नाही."

"माझ्याकडे जेवलात की."

"तुमच्याकडचं वेगळं."

वेगळं म्हणजे काय ते बाईंना न कळायला त्या काही परक्या मुलखातल्या नव्हत्या. इतक्या बैठका झाल्या, पण तुळसाच्या घरचं पाणीही त्यांनी कधी घेतलं नव्हतं. म्हणाल्या, "मग तिथेही मीच रांधते. घर तिचं, हात माझा. चालेल?" साहेबांनी मान डोलावली.

मिठागराच्या कडेला तुळसाची झोपडी. आत एक चूल, दोन टोप, कोपऱ्यात बाळाला घेऊन नंदा. साहेब बाहेर खाटेवर बसले, हौसाबाई नि मी दाराशी. सुमतीबाईंनी सूप मागितलं आणि सवयीने निवडायला घेतलं. पहिली मूठ बाजूला काढली तशी तुळसाने त्यांचा हात धरला. "टाकू नको. ता बी शिजव. टाकला तं खावाचा काय?"

बाईंनी ती मूठ परत सुपात घातली. पाणी विहिरीवरून आणायचं, म्हणून एकदाच धुतला. मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं. मी त्यांची नजर ओळखते. ती तूप शोधत होती, निदान एखादी मिरची. फळीवर मिठाचं मडकं होतं. त्यांनी जेवढं येत होतं तेवढं सगळं केलं. जाळ नेमका ठेवला, आधण नेमकं घेतलं, वर झाकण, खाली निखारे. भात मोकळा झाला. वास तसाच होता.

साहेबांनी पहिला घास खाल्ला. दुसरा तोंडात तसाच धरून बसले, मग कसाबसा गिळला. सुमतीबाई वाढायच्या सवयीने म्हणाल्या, "आणखी?" त्यांनी मान हलवली, ताट सारलं आणि हात धुवायला उठले. हौसाबाईने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. जिंकलो होतो.

तोवर आत सुमतीबाईंनी टोपातला भात नंदाला वाढला होता. टाकायचा थोडाच? ती आधी बिचकत खाऊ लागली, मग भरभर.

"बाय, आज भात बरा झालाय," नंदा म्हणाली. "आनखी जरा दे."

साहेब दारातच उभे होते, ओले हात तसेच धरून. हौसाबाईने कपाळाला हात लावला. आता परत 'योग्य' लिहिणार, असं मला अगदी नक्की वाटलं.

साहेब बराच वेळ नंदाच्या ताटाकडे बघत राहिले. मग खाटेवर बसून त्यांनी कागद काढला, लिहिलं आणि माझ्या हातात दिला. खाण्यास अयोग्य, ताबडतोब बदलावा.

मी कागद घेऊन आत गेले. सुमतीबाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्या टोपाच्या तळाचा भात खरवडून नंदाला वाढत होत्या.