वेंकटराव आणि गुहेतले मासे

वेंकटरावांची नजर शुगरनं गेली. आधी एक डोळा, मग दुसरा. वेस्ट मांबलमच्या त्यांच्या फ्लॅटवर भेटायला येणारे एकच सांगत. शेजारचे त्र्यंबकराव तर रोज सांगत, "भिऊ नका राव. डोळे गेले की कान, बोटं तयार होतात. आपोआप."

"सरी, बरं," म्हणून वेंकटराव वाट बघत बसले. विमा कचेरीतून निवृत्त झालेला माणूस; वाट बघायची सवय होती. उन्हाळा संपला. काहीच तयार झालं नाही. त्याचं त्यांना वाईटही वाटलं नाही. सकाळी कॉफी येई, ते पीत.

त्यांची मुलगी रंजनी अड्यारच्या एका संस्थेत गुहेतल्या आंधळ्या माशांवर काम करी. एका शनिवारी तिनं अप्पांना तिथे नेलं.

"अंड्यात असताना यांचा डोळा तयार होऊ लागतो, अप्पा, मग जिरून जातो. वर कातडी येते. पण पाणी जरा हललं तरी अंगाला कळतं."

"हे जमायला किती दिवस लागले?"

"दिवस नाही, हजारो पिढ्या. आणि एकाही माशानं स्वतःला बदललं नाही. ज्याची जाण जन्मतःच थोडी जास्त, त्याला अंधारात खायला मिळालं, त्याची पिल्लं जगली."

"मग माझं?"

"माणूस शिकू शकतो. पण शिकावं लागतं."

तिनं त्यांना माशांच्या टाकीत बोट बुडवून हलवायला सांगितलं. फिकट गुलाबी मासे पाण्याच्या हालचालीवर आले आणि बोटाला तोंड लावू लागले.

"कळतंय की, अप्पा?"

"हो."

परतताना रिक्षात ते म्हणाले, "मज काही कळालं नाही. बोटं कधीचीच बधिर आहेत."

"सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं त्यात?"

सोमवारी रंजनीनं त्यांना डॉक्टरांकडे नेलं. शुगरनं गेलेली जाणीव परत येईल असं नाही, डॉक्टर म्हणाले; बोटांनी ब्रेल वाचणं अवघड, पण पांढरी काठी शिकता येईल.

शिकवायला विजयकुमार नावाचे सर घरी येऊ लागले. महिनाभरानं त्यांनी खालच्या गल्लीत थांबवून विचारलं, "काठीखाली काय आहे?"

काठी आपटून, तिचा आवाज ऐकून वेंकटराव म्हणाले, "सिमेंट."

"बरोबर!"

सरांना फार आनंद झाला. वेंकटरावांना झाला नाही. त्यांनी काठी पुढे टेकवली आणि चालू लागले.