नामदेव फिटरच्या पासपोर्टाबाबत

विषय: नामदेव फिटर, राहणार सिंदी (रेल्वे), यास नोकरीसाठी युगांडात जाण्याकरिता पासपोर्ट मिळण्याबाबत.
संदर्भ: अर्जदाराच्या चकरा.

वर्ध्याच्या कचेरीत माझी नोकरी कागद पुढे सरकवण्यात गेली. सरकलेल्या कागदांचे किस्से होत नाहीत. अडकलेल्यांचे होतात, आणि ते असे साचतात की पेन्शनीत माणसाला बोलायला दुसरं काही उरत नाही. हे एवढे तर एकाच अर्जाचे!

नामदेव सिंदीच्या जिनिंगमध्ये फिटर होता. जिनिंग बंद पडली. तिथला जुना मॅनेजर युगांडात कापसाच्या कारखान्यावर गेला होता. त्याने नामदेवची नोकरी ठरवली आणि तिकडचं परमिटही काढून पाठवलं. अट एकच, हंगाम सुरू व्हायच्या आत पोहोचायचं. परमिटाची मुदतही तेवढीच. आता फक्त पासपोर्ट हवा होता.

"किती दिवस लागतीन बाबूजी?"

"चौकशी झाली की लगेच," आमचे हेडक्लार्क म्हणाले. त्यांना आम्ही बडेबाबू म्हणत असू. ते खोटं बोलत नसत. चौकशी कधी होईल, ते त्यांनी सांगितलंच नव्हतं.

*

पहिली अडचण फोटोची. नामदेवने टोपी घालून काढलेला फोटो बडेबाबूंनी परत केला. "उघड्या डोक्याचा पाहिजे."

पुढच्या खेपेला त्याची आईच सोबत आली. "काऊन जी, कोन मेलं आमच्या घरी? माह्या पोरानं बोडख्या डोक्यानं फोटो काऊन काढाव?"

"बाई, नियम आहे. आमच्या साहेबांनीसुद्धा तसाच काढला."

"त्याईले माय नसन!" म्हातारी म्हणाली आणि पोराला घेऊन निघून गेली.

*

फोटो शेवटी आईला चोरून निघाला. मग जामीन. परदेशात अडकला तर परत आणण्याची हमी घेणारा माणूस हवा, इभ्रतीचा आणि मालमत्तेचा.

नामदेवने पवनारच्या विनोबांच्या आश्रमातून एका वृद्ध सर्वोदयी सेवकांना आणलं. अख्खा जिल्हा त्यांच्या शब्दावर चालायचा. साहेब उठून उभे राहिले.

"आपल्या नावावर शेती किती?"

"भूदानात दिली."

"घर?"

"ते त्याच्या आधीच."

साहेबांनी वाकून नमस्कार केला आणि जामीन नामंजूर केला. म्हातारबाबा प्रसन्न झाले. "बरं झालं. मंजूर झाला असता तर आपलं काही मागे राहिलं की काय, म्हणून शंका आली असती!"

दुसऱ्या दिवशी नामदेवने एक अडत्या आणला. त्याच्या शब्दावर त्याचा सख्खा भाऊही विश्वास ठेवत नसे. पण वाडे दोन होते. लगेच मंजूर!

*

मग पोलीस चौकशी. रकाना होता: पूर्वी सजा झाली आहे काय?

बेचाळीस साली तुरुंगात न गेलेला माणूस वर्ध्यात एक तर आजारी असायचा, नाही तर सरकारी नोकर. आम्ही दुसऱ्या प्रकारातले. नामदेव सहा महिने आत होता. आणि युगांडावर राज्य होतं इंग्रजांचंच!

तो माझ्या टेबलाशी घाम पुसत उभा. "हो म्हनलं तं नोकरी जाते. नाई म्हनलं तं खोटं होते. काय लिहू बाबूजी?"

चौकशीला आलेले ठाणेदार खुर्चीत रेलून म्हणाले, "लिही, हो म्हून. मीच तं पकडलं होतं तुले! हे पाय, मी आपल्या हातानं लिहून देतो, मानूस सज्जन हाय, पकडाले गेलो तं आधी पानी पाजलं."

रिपोर्ट तसाच गेला. मात्र सजेचा शब्द पाहून वरच्यांनी प्रकरण नागपूरला, तेव्हाच्या राजधानीत, सचिवालयात पाठवलं.

*

तेवढ्यात छप्पन साल आलं आणि राज्यं बदलली. आम्ही संध्याकाळी मध्यप्रदेशात घरी गेलो आणि सकाळी मुंबई राज्यात कामावर आलो. नागपूरचे गठ्ठे काही भोपाळला गेले, काही मुंबईला. नामदेवचा अर्ज कुठल्या गठ्ठ्यात, कोणालाच ठाऊक नव्हतं.

परमिटाची मुदत मॅनेजरने एकदा वाढवून घेतली होती. त्याचं पत्र आलं: आता वाढणार नाही, पुढच्या महिन्यात यंत्रं सुरू होतात.

सिंदीच्या लोकांनी नामदेवला स्टेशनवर हार घालून कधीच निरोप दिला होता. तो वर्ध्याला उतरायचा, कचेरीत यायचा आणि अंधार पडल्यावर गावात परत शिरायचा. पोरं विचारायची, "काऊन जी आफ्रिकावाले, कवा आले?"

*

अखेर मुंबईहून पत्र आलं. बडेबाबूंनी दोनदा वाचलं आणि माझ्याकडे सरकवलं. त्यात लिहिलं होतं, 'अर्जदार अद्याप परदेशी गेला नसल्यास, विलंबाबद्दल त्याचा लेखी खुलासा घेऊन पाठवावा.'

नामदेव समोरच उभा होता, पेटी घेऊन. त्या दिवसांत तो पेटी घेऊनच यायचा.

मी त्याला कागद दिला, टाक दिला. "खुलासा लिही. अजून काऊन गेला नाहीस ते."

त्याने बडेबाबूंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग पेटीवर कागद ठेवून एकच ओळ लिहिली: 'मी रोज येऊन राह्यलो.'

खुलासा सामील करून कागद त्याच दिवशी मुंबईला रवाना केला. मी पेन्शनीत निघालो तेव्हा अर्ज विचाराधीन होता.